तुझा विषय यादीत सातवा का?

नवी दिल्ली
१९ जानेवारी २०२५

प्रिय नंदा,

तुझा मेसेज वाचला. "एवढी वर्षं म्हातारी माणसं उन्हात बसतात आणि तुमच्या पक्षाच्या कागदावर पेन्शन सातव्या नंबरावर, तेही दीड ओळीत." राग समजला. फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

आधी त्या कागदाबद्दल, म्हणजे अर्थसंकल्पी अधिवेशनात मांडायच्या विषयांच्या आमच्या यादीबद्दल. पत्रकारांना वाटलेली यादी आणि खासदारांच्या फायलीत जाणारी यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत कुणालाच नाही म्हणता येत नाही. प्रत्येक जिल्ह्यातून फोन येतो आणि एक ओळ वाढते. क्रम बातम्यांकडे बघून लागतो. वक्फ दुरुस्ती आणि 'एक देश, एक निवडणूक' ही दोन्ही विधेयकं संयुक्त समित्यांकडे आहेत, पत्रकार पहिला प्रश्न त्यावरच विचारणार, म्हणून ती वर. त्या यादीवरून आमचं मन ओळखायला गेलीस तर फसशील.

खरी मारामारी वेळेची असते. परवा तारखा जाहीर झाल्या: ३१ जानेवारी ते १३ फेब्रुवारी, मग सुट्टी, पुन्हा १० मार्च ते ४ एप्रिल. ऐकायला भरपूर वाटतं. आता यातून राष्ट्रपतींचं अभिभाषण, त्यावरची चर्चा, अर्थसंकल्प, त्यावरची चर्चा आणि गोंधळात वाहून जाणारे दिवस वजा कर. उरलेला वेळ संख्याबळावर वाटला जातो. पाच खासदारांचा गट धर. आठ तासांच्या चर्चेत ५४३ पैकी पाच जणांच्या वाट्याला साडेचार मिनिटंही येत नाहीत. त्यात "अध्यक्ष महोदय" म्हणून आभार मानण्यात अर्धं मिनिट जातं. काही जणांचं दीड जातं, ते असो.

म्हणून आतल्या बैठकीत सव्वीस विषयांवरून आम्ही चारवर आलो. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर असूनही बाजारात त्याखाली झालेली विक्री. रखडलेली जनगणना, कारण रेशनचे लाभार्थी अजून २०११ च्या आकड्यांवरच ठरतात. विधेयकं आधी तपासणीसाठी खासदारांच्या स्थायी समितीकडे पाठवण्याचा आग्रह. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समितीकडे जायची, सतराव्यात १६ टक्क्यांवर आलो. आणि चौथा तुझा, ईपीएस-९५, म्हणजे भविष्य निर्वाह निधीशी जोडलेली १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना. हो, चारात आहे. जून २०१९ पासून रिकाम्या असलेल्या लोकसभेच्या उपाध्यक्षपदाचा मुद्दा मी जीव तोडून मांडला, तो पडला. त्यावर मतं मिळत नाहीत असं म्हणाले. मला अजून पटलेलं नाही, पण ते भांडण पुढच्या पत्रात.

पेन्शनसाठी काय करायचं यावर मात्र तासभर वाद झाला. एका खासदारांना स्वतःचं विधेयक आणायचं होतं. फोटो चांगला येतो, मतदारसंघात छापील प्रत वाटता येते. मी विरोध केला. मंत्री नसलेल्या खासदारांच्या, म्हणजे अशासकीय विधेयकांना शुक्रवारचे शेवटचे अडीच तास मिळतात, आणि आजवर अशी चौदाच विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. शिवाय सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल तर राज्यघटनेचं कलम ११७ आडवं येतं, राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय विधेयक विचारातच घेता येत नाही. म्हणजे सरकारच्या संमतीनेच सरकारला अडवायचं. कधीकधी अशा विधेयकानेही चक्रं फिरतात, हे मान्य. तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक २०१५ मध्ये राज्यसभेने मंजूर केलं आणि पुढे सरकारला आपला कायदा आणावा लागला. पण तो २०१९ मध्ये आला. काकांच्या वयाच्या माणसांना चार वर्षं थांबा म्हणायची माझी छाती नाही.

त्यापेक्षा प्रश्न. तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे प्रश्न दिवसाला वीसच, तेही सोडतीने, आणि तोंडी उत्तरापर्यंत त्यातले मोजकेच पोचतात. बाकीच्यांना लेखी उत्तर. नोटीस पंधरा दिवस आधी द्यायची, त्यामुळे पहिल्या आठवड्याचे प्रश्न कसेबसे टाकलेत, खरा भर मार्चवर. "सरकार किमान पेन्शन वाढवणार का?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: पगारावर मालकाचे ८.३३ टक्के, केंद्राचे १.१६ टक्के, निधीच्या मूल्यांकनात तूट, सबब शक्य नाही. ते उत्तर तुला पाठ असेल. म्हणून मी प्रश्नाचे तुकडे पाडलेत. सप्टेंबर २०१४ पासून हजार रुपयांच्या किमान पेन्शनसाठी अर्थसंकल्पातून वर्षाकाठी किती रक्कम दिली? या काळात रकमेचा फेरआढावा किती वेळा झाला? नेमक्या हजारावर किती पेन्शनर आहेत? आणि शेवटी: वाढीचा प्रस्ताव सध्या कुठल्या टप्प्यावर आहे?

सगळी मेख या शेवटच्या तुकड्यात आहे. मंत्र्यांनी "विचाराधीन आहे" एवढं म्हटलं तरी ते आश्वासन धरलं जातं. आश्वासन समिती त्याची नोंद करते आणि तीन महिन्यांत पूर्तता मागते. मुदतवाढी मिळतात, मला ठाऊक आहे. पण फाइल मरत नाही, खात्याला दरवेळी लेखी खुलासा द्यावा लागतो. अधिकारीही हुशार, ते तो शब्द टाळूनच मसुदा करतात. तेव्हा त्या उत्तरावर सभागृहात लगेच विचारायच्या पूरक प्रश्नात मंत्री बोलताना तो शब्द निसटतो का, यावर आमची भिस्त. हसू नकोस, इथे बरीच कामं अशीच होतात.

दुसरी जागा म्हणजे मधली सुट्टी. १४ फेब्रुवारी ते ९ मार्च सभागृह बंद, पण स्थायी समित्या तेव्हाच खात्यांच्या अनुदान मागण्या, म्हणजे खर्चासाठी मागितलेल्या रकमा, तपासतात. श्रम खात्याच्या समितीने २०२२ मध्येच हजार रुपये अपुरे असल्याचं लिहून ठेवलंय. तिथे कॅमेरे नसतात, सत्ताधारी खासदारही मोकळेपणाने बोलतात. बंद दाराआडच्या त्या बैठकांवर माझा सभागृहापेक्षा जास्त विश्वास आहे. सभागृहात श्रम खात्याच्या मागण्यांवर चर्चा होण्याची शक्यता कमीच. मोजक्या खात्यांवर चर्चा होते, बाकीच्यांवर गिलोटिन, म्हणजे चर्चेविना थेट मतदान. २०१८ च्या मार्चमध्ये तर सगळ्याच मागण्या आणि वित्त विधेयक चर्चेविना मंजूर झालं होतं. तरी शंभर रुपयांची कपात सूचना देणार आहोत. मागणीतून शंभर रुपये कमी करा म्हणायचं आणि त्या निमित्ताने गाऱ्हाणं नोंदवायचं. बोलायला मिळालं नाही तरी कारण छापील यादीत राहतं.

आता जे तुला झोंबेल ते. तुमची मागणी किमान पेन्शन साडेसात हजार आणि महागाई भत्ता. रास्त आहे, मी आकड्यावर वाद घालत नाही. पण सभागृहात आमचे खासदार तीन हजारांपासून सुरुवात करतील, असा माझा आग्रह होता आणि तो मान्य झाला. कारण २०१३ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने किमान तीन हजारांची शिफारस केली होती. अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, म्हणजे पुढे आपल्याकडे राज्यपाल म्हणून आलेले तेच. साडेसात हजार म्हटलं की मंत्री तुटीवर जातात. तीन हजार म्हटलं की त्यांना त्यांच्याच ज्येष्ठ नेत्याच्या अहवालाला उत्तर द्यावं लागतं. तुमच्या मंडपात हे ऐकून लोक खवळतील, "आंदोलन विकलं" असंही कुणी म्हणेल. तू त्यांना कसं सांगायचं ते तू ठरव. बुलढाण्याच्या साखळी उपोषणाने हा विषय इतकी वर्षं जिवंत ठेवला, हे मी इथे प्रत्येक बैठकीत सांगते. पण उपोषणाचा आकडा आणि प्रश्नोत्तराच्या तासातला आकडा एकच असायला हवा, असं मला वाटत नाही.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, संसदेकडे द्यायची नवी याचिका. सह्यांचे गठ्ठे नकोत, नाव, पत्ता आणि सही नीट असलेले थोडेच अर्जदार पुरेत. मजकूर दोन पानांत बसव, मराठीत लिहिलास तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोड. खासदारांची प्रतिस्वाक्षरी मी घेते. दोन, काकांसारख्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या आठ-दहा जणांच्या पेन्शन आदेशांच्या झेरॉक्स, ज्यात सेवेची वर्षं आणि रक्कम दोन्ही स्पष्ट दिसतील. तीस वर्षं नोकरी आणि महिना अठराशे, असा एक कागद समितीपुढे ठेवला की तुटीचं पालुपद थोडा वेळ तरी थांबतं. काकांचा आदेश घेताना त्यांना विचारून घे, नाव झाकूनच वापरू.

हे ७ फेब्रुवारीच्या आत कुरिअरने पाठव. व्हॉट्सॲपवर फोटो नको, मागच्या वेळच्या फोटोतला एकही आकडा वाचता आला नव्हता. २६ तारखेला रविवार आहे, दुपारी फोन कर, तेव्हा हवं तेवढं भांड.

काकांना नमस्कार.

तुझी,
वैशाली