शिडाच्या जहाजावरचा आठवडा कोकणातल्या मुलांनाही मिळावा

महोदय,

ब्रिटनमधील ‘सी कॅडेट’ संघटनेची किशोरवयीन मुले ‘रॉयलिस्ट’ या दोन डोलकाठ्यांच्या जहाजावर आठवडाभर राहतात, आणि तीही प्रवासी म्हणून नव्हे, तर खलाशी म्हणून. १९७१ मध्ये सेवेत आलेले पहिले ‘रॉयलिस्ट’ जुने झाल्यावर संघटनेने त्याच नावाचे नवे जहाज बांधून घेतले, पण हा शिरस्ता मोडू दिला नाही. त्या पहिल्या जहाजाचा आराखडा करणारे कॉलिन म्यूडी यांनीच आपल्या ‘आयएनएस तरंगिणी’चाही आराखडा केला. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली तीन डोलकाठ्यांची ‘तरंगिणी’ १९९७ मध्ये नौदलात दाखल झाली आणि २००३-०४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणाही करून आली. २०१२ मध्ये तिच्या जोडीला ‘सुदर्शिनी’ आली, तीसुद्धा गोव्यातच बांधलेली. अशी जहाजे बांधण्याचे कसब आपल्या किनाऱ्यावर आहे, परंतु ही दोन्ही जहाजे मुख्यतः नौदलाच्या प्रशिक्षणार्थींसाठी असल्याने मालवण, रत्नागिरी किंवा अलिबागच्या महाविद्यालयातील सर्वसाधारण मुलामुलींच्या वाट्याला हा अनुभव येत नाही.

या आठवड्यात मुले नेमके काय करतात, हे सांगितल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही. त्यांचे गट पाडून पाळ्या लावल्या जातात. मध्यरात्री ते पहाटे चार ही पाळीही कोणाला चुकत नाही. सुकाणू धरणे, नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, उभे राहून टेहळणी करणे, स्वयंपाकघरात भांडी घासणे ही कामे आळीपाळीने सर्वांकडे येतात. परबाणावरचे, म्हणजे डोलकाठीवरील आडव्या काठीला बांधलेले, चौकोनी शीड तर एकट्याने आवरताच येत नाही. काही जण खालून दोर ओढतात, तर काही जण सुरक्षापट्टा अडकवून वर चढतात आणि पायाखालच्या दोरावर उभे राहून कापड गोळा करून बांधतात. वर चढण्याची सक्ती कोणावरही नसते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. म्यूडी यांच्याच ‘लॉर्ड नेल्सन’ या जहाजावर तर अनेक वर्षे अपंग आणि धडधाकट माणसे एकाच पाळीत काम करीत असत. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीलाही दोरांच्या साहाय्याने डोलकाठीवर नेण्याची सोय तेथे होती.

पालकांची भीती अनाठायी नाही. १९८४ मध्ये शर्यतीत उतरलेले ‘मार्केस’ हे शिडाचे जहाज बर्म्युडाजवळ बुडाले आणि १९ जण दगावले. याउलट २०१० मध्ये ब्राझीलपासून दूर समुद्रात ‘कॉन्कॉर्डिया’ हे कॅनडाचे शाळा-जहाज उलटले, तेव्हा विद्यार्थ्यांसह सर्व ६४ जण तराफ्यांवर तग धरून वाचले. त्यामुळे जहाजाचे काटेकोर प्रमाणीकरण, अनुभवी कप्तान आणि जहाज सोडण्याचा आधीच केलेला सराव यांत कोणतीही तडजोड होता कामा नये.

आपल्याकडे यासाठी पावसाळा अर्थातच वर्ज्य. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. सकाळी मतलई आणि दुपारनंतर खारे वारे, असा वाऱ्यांचा पालट भूगोलाच्या पुस्तकात पाठ करणाऱ्या मुलांना त्याच वाऱ्यांवर शीड फिरवून मुंबईहून निघता येईल आणि जयगड, विजयदुर्ग येथे नांगर टाकत मुरगावला पोहोचता येईल. मासेमारीच्या होड्यांवर यंत्रे आल्यापासून शीड हाताळणारे जुने तांडेल मोजकेच उरले आहेत. त्यांना या जहाजावर मानाने शिक्षक म्हणून बोलवावे.

महाराष्ट्र सागरी मंडळ आणि गोवा सरकार यांनी मिळून असे एक नागरी प्रशिक्षण जहाज गोव्यातच बांधून घ्यावे. ते होईपर्यंत नौदलाला विनंती करून हिवाळ्यातील एखाद्या आठवड्याच्या सफरीत किनारी जिल्ह्यांतील महाविद्यालयांसाठी काही जागा मागून घ्याव्यात, त्यांपैकी निम्म्या मुलींसाठी ठेवाव्यात आणि जेवणखाणाचा व प्रशिक्षणाचा खर्च शासनाने उचलावा, म्हणजे मच्छीमार कुटुंबातील मुलांना केवळ पैशांअभावी मागे राहावे लागणार नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक, रत्नागिरी