बंड्यास पत्र: एक अकाउंट आणि ती रेकॉर्डिंग

प्रिय बंड्या,

किती महिने लिहिलं नाही, शिव्या नंतर घाल, आधी वाच. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच आहे. शाळेत जे झालंय ते इथे कोणाला सांगून उपयोग नाही, तुलाच कळेल.

ते आयपॅड रे. अजून सगळ्यांवर तेच एक "शाळेचं अकाउंट", आणि पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला, तुझ्याच अक्षरात. पाचवीतली एक मुलगी आहे, 'प' आला की अडकते, अगदी तू. तिला मी वर्गात वाचायला उभी करत नाही, ती कोपऱ्यात बसून स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकते, एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा. आता अकाउंट एकच म्हटल्यावर तिचे व्हॉइस मेमो आयक्लाउडमधून सगळ्या टॅबवर पोचले, पुढच्या तासाला सातवीच्या कार्ट्यांनी ते मोठ्याने लावले आणि मग नकला सुरू. वक्तृत्व स्पर्धेनंतर तू किती दिवस मागच्या बाकावर बसायचास ते मला आठवतंय, म्हणून तुला लिहितोय. पोरगी आता टॅब घेतच नाही. "चार्जिंग नाहीये सर." चार्जिंग फुल असतं.

मोठ्या बाईंचा उपाय ऐक: हेडफोन सक्तीचे! आणि आपला चष्मेबहाद्दर म्हणतो पासवर्ड अवघड करू. अरे पण तो अवघड पासवर्डही सगळ्यांनाच सांगणार ना? रेकॉर्डिंग मी उडवली, डिलीट झालेल्यांच्या फोल्डरमधूनही काढली, पण ऐकलेलं कसं डिलीट करू.

टॅब शेअर करण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, तेवढे पैसे कोणाकडे असतात. अकाउंट शेअर झालं की गोची होते. शेअर्ड आयपॅड ही सोय 2016 पासून आहे, शाळेने प्रत्येक पोराला मॅनेज्ड अकाउंट, म्हणजे शाळेच्याच ताब्यातलं, काढून द्यायचं, पोरगं आपल्या नावाने आत जाणार, बाहेर पडलं की पुढच्याला त्याचं काही दिसत नाही. ॲपचं लायसन्स थेट टॅबला देता येतं, म्हणजे निव्वळ ॲप टाकायला कोणाचंच अकाउंट लागत नाही, आणि आपण त्या एका अकाउंटवर कशाला लटकलो होतो देव जाणे. पोरगं पासवर्ड विसरलं तर शिक्षक बदलून देऊ शकतो. कोणाची नोंदच ठेवायची नसेल तर तात्पुरतं सेशन असतं, लॉगआउट केलं की सगळं पुसलं जातं. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तर बाई म्हणाल्या, पाहुण्यांसमोर टॅब पटकन उघडले पाहिजेत. घ्या!

आणि हो, स्टिकर. प्रत्येक टॅबवर मोठा नंबर हवा म्हणून तू माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हतास. तर शेअर्ड आयपॅडमध्ये नंबर लागतोच, पोराने रोज तोच टॅब उचलावा म्हणून, कारण अलीकडे वापरलेल्या पोरांचाच डेटा टॅबवर राहतो, दुसरा टॅब हातात आला की सगळं परत डाउनलोड, अर्धा तास त्यातच. पण तुझा तो भडक केशरी रंग भिकार होता यावर मी ठाम आहे.

अडचणी आहेतच. जुने 16 जीबीवाले बाद, किमान 32 लागतात. सगळे टॅब एका जागेवरून सांभाळणारं मॅनेजमेंट सॉफ्टवेअर लागतं, आणि सगळे टॅब पुसून नव्याने सुरू करायचे. त्यातल्या काहींवर अजून जुन्या कॉम्प्युटरवाल्या सरांचं स्वतःचं अकाउंट आहे, फाइंड माय (हरवलेला टॅब शोधायची सोय) चालू, म्हणजे पुसला तरी टॅब त्यांचाच पासवर्ड मागणार. सर माझा फोन उचलत नाहीत. निरोप समारंभात तू त्यांची नक्कल केलीस, भोगतोय मी! आता तूच फोन कर त्यांना, माफी माग, पाया पड, काय हवं ते कर, पण तेवढं काढून घे. खरेदीचं बिल सापडलं तर कंपनीकडून लॉक काढता येतं, पण आपल्या ऑफिसात बिल सापडणं म्हणजे तुला माहितीये.

तुझी बदली झाली का? वहिनींची परीक्षा? छोटीला दात आले म्हणे, फोटो पाठव. घराच्या हप्त्याचं बघू, पुढच्या पत्रात बोलू.

अजून एक. त्या पोरीला एक व्हॉइस मेसेज पाठवशील? उपदेश नको. नुसतं काहीतरी वाच, जिथे अडकशील तिथे अडक, एडिट करू नकोस. माझ्या फोनवर पाठव, टॅबवर नको.

तुझाच,
बाळ्या