‘१०० टक्के कॉटन’ म्हणून पाठवलेल्या बॅटिंगबद्दल तक्रार

पुणे, १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : टेबल रनरसाठी घेतलेल्या बॅटिंगचे खोटे वर्णन व नुकसानभरपाई

महोदय,

मी घरून क्विल्टिंगची, म्हणजे दोन कापडांमध्ये मऊ थर घालून शिवायची कामं घेते. सप्टेंबरमध्ये तुमच्या संकेतस्थळावरून पाच मीटर बॅटिंग, म्हणजे तो आतला थर, मागवली. वर्णनात लिहिलं होतं : ‘१०० टक्के कॉटन, २०० जीएसएम, हीट रेझिस्टंट, टेबल रनर आणि हॉट पॅडसाठी उत्तम’ (जीएसएम म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन). मीटरला ३४० रुपये, म्हणजे एकूण १,७०० रुपये मी ‘कॉटन’ या एका शब्दापायी मोजले. पॉलिएस्टरचं वॅडिंग, म्हणजे तसाच कृत्रिम थर, घ्यायचं असतं, तर ते मला इथल्या बाजारात याच्या निम्म्याहून कमी भावात मिळालं असतं.

त्यातून सहा रनर, म्हणजे टेबलावर मधोमध घालायच्या लांब पट्ट्या, शिवले. पाच दिवाळीच्या ऑर्डरींत गेले, सहावा आमच्या जेवणाच्या टेबलावर घातला. घरच्यांना मीच सांगितलं, आत कापूस आहे, गरम भांडं बिनधास्त ठेवा. भाऊबीजेनंतरच्या रविवारी सासऱ्यांनी थालिपिठाचा बिडाचा तवा गॅसवरून उचलून थेट रनरवर आणून ठेवला. जेवणं झाल्यावर तवा हलवला, तर वरच्या सुती कापडावर तांबूस कडं उमटलेलं. दाबून पाहिलं तर आतला भाग पापडासारखा कडक. खाली सागवानी टेबलाच्या पॉलिशवर तव्याएवढं पांढरट वर्तुळ. सासरे बिचारे दोन दिवस त्या टेबलाकडे बघत नव्हते. चूक त्यांची नव्हती, त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि मी तुमच्या.

बिडाच्या तव्याखाली कापसाचा एकेरी थरही करपला असता, हे मला कळतं. म्हणून तव्यासाठी मी वेगळा जाड हॉट पॅड शिवते, त्यात दोन थर घालते. पण कापूस करपतो, वितळत नाही. पॉलिएस्टर २५० अंशांच्या आसपास वितळतं आणि सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढेच त्याचे तंतू मऊ पडू लागतात. म्हणजे तवा राहू द्या, उकळत्या आमटीचं पातेलं ठेवलं तरी त्याचा फुगीरपणा बसतो. भांड्याची धग अडते ती तंतूंमध्ये कोंडलेल्या हवेमुळे. ती हवाच निघून गेली, तर उरतात दोन कापडं आणि मधे एक पापुद्रा. संशय आला म्हणून बाकीच्या पाच घरी फोन केले. एका बाईंच्या रनरवर पातेल्याच्या बुडाएवढा खड्डा पडलाय, धुऊन वाळवल्यावरही वर आला नाही.

मग मी रनरची शिवण उसवली. न जळलेल्या भागातला चिमूटभर धागा चिमट्यात धरला आणि निरांजनाच्या ज्योतीजवळ नेला. तुलनेला देवघरातलीच एक फुलवात घेतली. फुलवातीने लगेच पेट घेतला, कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरगळणारी राखाडी राख उरली. तुमचा ‘कॉटन’ ज्योतीपासून आक्रसून मागे सरकला, थेंबासारखा गोळा झाला, त्यातून काळा धूर निघाला आणि शेवटी नखाने फुटणार नाही असा काळा मणी हाती राहिला. थोडा कापूस मिसळलेला असता, तर निदान त्याची राख दिसली असती. पाचही मीटरांतल्या उरलेल्या तुकड्यांवर हेच करून पाहिलं. दोन चाचण्यांचा व्हिडिओ सोबत आहे.

तुमच्या ग्राहकसेवेचं उत्तर आलं, की रनर ‘सजावटीसाठी’ असतो, त्यावर गरम भांडं ठेवू नये. मग ‘हीट रेझिस्टंट’ कशासाठी लिहिलं? फुलदाणीच्या उष्णतेसाठी? त्याच उत्तरात बदली म्हणून तुमची चंदेरी ‘थर्मल’ बॅटिंग देऊ केली आहे. ती मला नको. तसली बॅटिंग म्हणजे चकचकीत धातूचा मुलामा दिलेली फिल्म आणि तिच्यात टोचून बसवलेले तंतू, तेही बहुधा पॉलिएस्टरचेच. फिल्म धग परावर्तित करते हे खरं, पण भांडं थेट टेकलं की तिचा उपयोग कमी होतो आणि जोडीला कापसाचा थर लागतोच. शिवाय ती हाताखाली कुरकुरते आणि टेबलाच्या कडेवरून रनर मऊपणे खाली पडत नाही. पोळीच्या डब्याच्या कव्हरला मी ती आनंदाने वापरते, मायक्रोवेव्हमध्ये जाणाऱ्या वस्तूला कधीच नाही. ही सूचनाही तुमच्या पाकिटावर ठळक हवी.

माझ्या मागण्या अशा. बॅटिंगचे १,७०० रुपये परत करावेत. पाच ग्राहकांना मी खऱ्या सुती बॅटिंगचे रनर पुन्हा शिवून देणार आहे, त्याच्या कापडाचे व दोऱ्याचे २,२५० रुपये द्यावेत (माझी मजुरी यात धरलेली नाही). टेबलाच्या त्या भागाचं पॉलिश सुताराने १,८०० रुपये सांगितलंय, तेही द्यावेत. आणि संकेतस्थळावरचं वर्णन आजच बदलावं, कारण माझ्यासारखी दुसरी कुणीतरी आत्ता संक्रांतीच्या ऑर्डरींसाठी हेच पाकीट मागवत असेल.

२७ आणि ३१ ऑक्टोबरला मी मेल पाठवले. वरचं ‘सजावटी’चं उत्तर सोडलं, तर तक्रार क्रमांकसुद्धा मिळालेला नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात करायचं असतं. २७ नोव्हेंबरपर्यंत पैसे जमा झाले नाहीत, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे पुण्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करीन. हा व्यवसाय आहे, मी ग्राहक नव्हे, असं कुणी सुचवायच्या आत सांगते : मशीनवर मी एकटी बसते आणि घर त्यावर चालतं. कायद्याने अशी व्यक्ती ग्राहकच ठरते.

जळालेला रनर आणि उरलेली सव्वा मीटर बॅटिंग जपून ठेवली आहे. तपासायला हवी असेल तर माणूस पाठवा, कुरिअरचा खर्च मी करणार नाही.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, उत्पादनाच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट, रनर व टेबलाचे चार फोटो, चाचणीचे दोन व्हिडिओ, सुताराचा अंदाज