शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेल्या रुग्णाचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी ७४ वर्षांची आई नागपुरात प्रतापनगरला एकटी राहते आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. मध्यंतरी न्हाणीघरात पाय घसरून तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया उत्तम झाली, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र सुट्टी मिळाली त्या दिवशी हातात पडली ती इंग्रजीतली फाइल आणि औषधांची पिशवी. आईला उठवायचे कसे आणि बसवायचे कशावर, हे परिचारिकेने दारातच दोन मिनिटांत सांगितले. ज्या बाईने ते ऐकायला हवे होते, ती घरी रुग्ण सांभाळायला बाया पुरवणाऱ्या ब्युरोकडून दुसऱ्या दिवशी सकाळी आठला यायची होती.

रजा संपल्यावर मी परतले. वंदे भारतने गेले तरी अजनीहून पुणे बारा तास, तेव्हा पुढचे सारे फोनवर. एका संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आई बुटक्या दिवाणावर बसलेली दिसली, गुडघे कमरेपेक्षा वर. कृत्रिम सांधा बसवल्यावर सुरुवातीचे काही आठवडे नेमके हेच टाळायचे असते, कारण खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकला तर सांधा निखळण्याची भीती असते. बाई कामाला चोख आणि मायाळू, पण तिला हे कुणी सांगितले नव्हते आणि इंग्रजी वाचता येत नव्हते. (ती फाइल मला तरी कुठे पुरती कळली होती?) शेजारच्या काकूंनी पलंगाच्या खुरांखाली विटा लावून तो उंच करून दिला, म्हणून निभावले. मग मी मराठीत सात ओळी लिहून पाठवल्या आणि काकूंनी तो कागद उशाशी चिकटवला.

आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, ही मोठीच सोय आहे. पण रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च त्यात १५ दिवसांचाच आहे, तोही औषधे-तपासण्यांचा. खुब्याचा रुग्ण सावरायला त्याच्या कितीतरी पट दिवस लागतात. आम्हाला निदान बाई मिळाली. यवतमाळ, गडचिरोली, बालाघाटहून नागपुरात शस्त्रक्रियेसाठी येणारे वृद्ध गावी परततात, तिथे व्यायाम करवून घेणारे तरी कोण असते?

रुग्णालयांना माझी विनंती एवढीच की, सुट्टी देण्याच्या आदल्या दिवशी घरी सांभाळणाऱ्या व्यक्तीला, मग ती सून असो वा ब्युरोची बाई, तासभर खाटेजवळ उभे करून फिजिओथेरपिस्टने उठबस प्रत्यक्ष करवून घ्यावी आणि सोबत मोठ्या अक्षरांतला एक मराठी कागद द्यावा. याला खर्च फारसा नाही. महानगरपालिकेने अशा बायांची नोंदणी करून त्यांना थोडे प्रशिक्षण दिले, तर त्यांनाही पगार मागताना जोर येईल आणि आमच्यासारख्या दूर राहणाऱ्यांना अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली देण्यापूर्वी विचारपूस करायला एक जागा राहील.

आपली विश्वासू,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर (सध्या पुणे)