रक्तातली गोष्ट ओळखणाऱ्या जळगावच्या मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाला तुम्ही अजून पाहिलेलं नाही, फक्त त्याचं रक्त पाहिलंय. पोळ्याच्या आदल्या दिवशी. आमच्या रावेरकडे केळीची कापणी चालू होती. घड वाहणाऱ्याच्या खांद्या-दंडावर वळ उठतातच, म्हणून त्याच्या अंगावरच्या निळ्या डागांकडे कुणी लक्ष दिलं नाही. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा एका दवाखान्यात डेंग्यू म्हणून सलाईन लावलं.

रात्री साडेनऊला तुमचा फोन आला. "हा डेंग्यू नाही. रक्ताचा कॅन्सर वाटतोय, एपीएल. यात रक्त गोठणंच बिघडतं, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. रिपोर्टची वाट बघू नका, आत्ता निघा." लॅबचं शटर अर्धं उघडं ठेवून तुम्ही थांबलात आणि काचपट्ट्या कागदात गुंडाळून माझ्या हातात दिल्या.

एपीएलमध्ये बहुतेकांची १५ आणि १७ नंबरची गुणसूत्रं तुकड्यांची अदलाबदल करतात, पीएमएल आणि रारा हे जनुक जोडले जातात. भावाची ती तपासणी निगेटिव्ह आली. आम्ही घरी देवाला साखर ठेवली. तुम्हाला मात्र चैन पडेना. त्याला ज्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं, तिथल्या डॉक्टरांना तुम्ही स्वतः फोन केलात: पेशी त्याच वळणाच्या आहेत, पण केंद्रक दुमडलेलं नाही, गोल आहे, सुईसारख्या ऑअर रॉड कुठेच नाहीत, राराचा जोडीदार दुसरा असेल, तुटलेला जनुक दाखवणारी फिश तपासणी करा.

फिशमध्ये रारा तुटलेला दिसला. पुढे कळलं, जोडीदार ११ नंबरवरचा, पीएलझेडएफ. अगदी विरळा प्रकार. नेहमीचं एपीएल 'अ' जीवनसत्त्वापासून बनवलेल्या अ‍ॅट्राच्या गोळ्या आणि सोमल, हो, तोच विषारी सोमल, यांनी बहुतेकांचं बरं होतं. या प्रकारात मात्र दोन्हींवर विसंबून चालत नाही. डॉक्टरांनी लगेच जोरदार केमो सुरू केली, नंतर माझा बोनमॅरो त्याला दिला. गोळ्यांचा गुण येईल म्हणून वाट बघत बसलो असतो तर? हा विचार आला की अजूनही माझे हात गार पडतात.

दुसऱ्यांदा स्लाइड पाहिल्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. आईला ते अजून खटकतं.

आता त्याच्या डोक्यावर केस आलेत, बांधावर येऊन बसतो. ओझं उचलायला मनाई आहे. या हंगामातला पहिला घड तुमच्याकडे आणायचा, असं त्यानं ठरवलंय. येईल तो, घड मी उचलीन.

तुमचा,
त्याचा मोठा भाऊ