‘वयोमानाने होतंच’ हे उत्तर नव्हे

महोदय,
तोल जातो, पडायला होतं असं सांगणाऱ्या सत्तरीच्या रुग्णाला डॉक्टरांनी ‘वयोमानाने होतंच’ म्हणून वाटेला लावू नये. सोबतच्या मुलाला नव्हे, आजोबांनाच विचारावं: वर्षभरात कधी पडलात का? अनेकजण हे लपवतात. सारसबागेची फेरी बंद होईल ही धास्ती! खुर्चीतून उठून, तीन मीटर चालून, वळून परत येऊन बसायला १२ सेकंदांहून जास्त लागले, तर तोल आणि पायांची ताकद तपासावी. रक्तदाब पाच मिनिटं आडवं झोपवून घ्यावा, मग उभं केल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला, तर चक्कर येऊन पडण्याची भीती; मग रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या गोळ्यांचा फेरविचार हवा. त्यासाठी जुनी चिठ्ठी पुरत नाही. गोळ्यांची अख्खी पिशवी मागवावी, चूर्णांसकट. गर्दीच्या ओपीडीत वेळ नसेल, तर दोन भेटींत करावं.

— एक फिजिशियन, कोथरूड, पुणे