आयपीओ भरण्याआधी एवढं वाच

प्रिय बाळा,

फोनवर तू घाईत होतास म्हणून मी जास्त काही बोलले नाही, पण डोक्यातून विषय जाईना म्हणून लिहितेय. ऑफिसात सगळेच तो आयपीओ (कंपनी पहिल्यांदा आपले शेअर सगळ्या लोकांना विकायला काढते तो) भरतायत, ॲपवर दोन मिनिटांचं काम आहे, पहिल्याच दिवशी वर जाणार हे नक्की आहे, आणि तू अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले सगळे पैसे त्यात टाकणार, असं तू म्हणालास. त्यातलं "नक्की" आणि "सगळे" हे दोन शब्द ऐकून मला धस्स झालं. भरू नको असं मी म्हणणार नाही, तू मोठा आहेस, कमावतोस. पण मी इतकी वर्षं हिशेब तपासायचं काम केलं, त्यामुळे कागद न वाचता कोणी पैसे देतंय म्हटलं की मला गप्प बसवत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे आयपीओ कधी आणायचा, काय भावाने आणायचा हे विकणारा ठरवतो. कंपनी आतून ओळखणारी माणसं आणि त्यांचे बँकर, म्हणजे आयपीओ विकून देणाऱ्या बँकांची माणसं, मिळून वेळ निवडतात, म्हणून बाजार जोरात असला की एकामागून एक आयपीओ येतात आणि बाजार पडला की तेच पुढे ढकलले जातात. म्हणजे तू घेत असतोस ते विकणाऱ्याला सगळ्यात सोयीच्या दिवशी.

फेसबुकचंच बघ ना. मे 2012 मध्ये आधी 28 ते 35 डॉलर सांगितलेला भाव त्यांनी 34 ते 38 केला, मग शेवटच्या काही दिवसांत विकायचे शेअर पण साधारण पाव पटीने वाढवले, आणि ते वाढीव शेअर जुन्या भागधारकांचे होते. एकूण 42 कोटींच्या वर शेअर विकले, त्यातले कंपनीने नवे काढलेले फक्त 18 कोटी, उरलेले 24 कोटी जुन्या मालकांनी आपल्या खिशातून काढून विकले, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा कंपनीत गेलाच नाही. (झुकरबर्गने विकले ते मुख्यतः टॅक्स भरायला, ते मी त्याच्याविरुद्ध धरत नाही.) हे सगळं प्रॉस्पेक्टसमध्ये, म्हणजे आयपीओच्या माहितीपत्रकात, छापलेलं होतं, कोणी लपवलं नव्हतं. शेवटी 38 ला दिलेला शेअर बाजारात 42.05 ला उघडला, 45 पर्यंत गेला आणि दिवस संपताना 38.23 वर आला, तोही बँकर खालून खरेदी करून भाव धरून बसले होते म्हणून. 4 सप्टेंबरला बंद भाव 17.73. शिवाय लिस्टिंगच्या, म्हणजे शेअरची बाजारात खरेदी-विक्री सुरू होण्याच्या, आधीच बँकांचे ॲनालिस्ट आपले अंदाज खाली आणत होते, हे मोठ्या ग्राहकांना कळलं आणि घरी बसून अर्ज भरणाऱ्याला कळलं नाही. त्या प्रकरणात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने फेसबुकचा आयपीओ विकून देणाऱ्या मॉर्गन स्टॅन्ली बँकेला 50 लाख डॉलर दंड केला, पण तो डिसेंबरात, तोवर ज्याचे जायचे त्याचे गेले होते.

तू लगेच म्हणशील की आई, पण आज तो शेअर कुठे आहे बघ. बरोबर आहे, कंपनी चांगलीच निघाली. पण 38 चा भाव परत यायला 2013 चा ऑगस्ट उजाडला, आणि मधल्या काळात ज्याला कंपनी आवडली होती त्याला तोच शेअर निम्म्या भावात मिळत होता. लिस्टिंगच्या दिवशी विकायचं ठरवून उसन्या उत्साहात घेतलेल्या माणसाला एवढे महिने कळ काढवत नाही रे. तो बरोबर तळाला विकतो.

आता आयपीओ लागण्याबद्दल, म्हणजे अर्ज केल्यावर शेअर वाट्याला येण्याबद्दल, कारण हे फार कमी लोकांना सुचतं. केव्हिन रॉक नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1986 मध्ये हे नीट मांडलं होतं. जो आयपीओ खरंच स्वस्त असतो त्याच्यावर माहितगार मोठे लोक तुटून पडतात, मग तुझ्या वाट्याला थोडेसे येतात किंवा काहीच नाही. जो महाग असतो त्यात ते हात घालत नाहीत, आणि तुला मागितले तेवढे सगळे मिळतात. म्हणजे सरासरीत आयपीओ पहिल्या दिवशी वर जातात हे खरं असलं तरी ती सरासरी तुझ्या खात्यात येत नाही, कारण वर जाणाऱ्यात तुझे चार शेअर असतात आणि पडणाऱ्यात चारशे. मागितलेले सगळे लागले तर खुश होऊ नको, आधी विचार कर.

नाही लागला म्हणून लिस्टिंगच्या सकाळी बाजारातून घेणं तर त्याहून वाईट. ट्विटर 2013 मध्ये 26 डॉलरला दिला, उघडलाच 45.10 ला. पेपरात आलं की एका दिवसात 70 टक्क्यांच्या वर फायदा, पण तो 26 ला मिळालेल्यांचा, सकाळी 45 ला घेतलेल्याच्या हाती संध्याकाळी काहीच नव्हतं, आणि 2016 मध्ये तो 15 च्याही खाली गेला.

आणि डिलिव्हरू, लंडनमधली घरपोच जेवण पोचवणारी कंपनी. त्यांनी तर ॲपवरून जेवण मागवणाऱ्या ग्राहकांनाच शेअर देऊ केले, आपल्या आवडत्या कंपनीचे मालक व्हा म्हणून. 31 मार्च 2021 ला 390 पेन्सचा शेअर पहिल्याच दिवशी 26 टक्के पडला, आणि त्या ग्राहकांना आठवडाभर विकताच येत नव्हतं, 7 एप्रिलपर्यंत नुसतं बघत बसायचं. पुढे डोअरडॅश नावाच्या दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली, तीही शेअरमागे 180 पेन्सने. मला याचा खरंच राग येतो, कारण त्या लोकांनी हाव म्हणून नाही तर कंपनी ओळखीची वाटली म्हणून पैसे घातले असणार.

तर भरायच्या आधी प्रॉस्पेक्टस उघड. सगळा वाचायला नको, तीन ठिकाणं बघ. जमलेला पैसा कुठे जाणार, विकणारे कोण आणि किती विकतायत, आणि बाकीच्या जुन्या भागधारकांचा लॉक-इन, म्हणजे शेअर विकायची बंदी, कधी संपतो. तिसरं लोक बघतच नाहीत. फेसबुकचा पहिला मोठा लॉक-इन 16 ऑगस्ट 2012 ला सुटला आणि त्याच दिवशी शेअर 6 टक्क्यांच्या आसपास पडून 20 च्या खाली आला. कंपनी आवडलीच असेल तर दोन तिमाहीचे रिझल्ट येऊ देत, तेव्हाही शेअर मिळतोच, संपत नाही.

आणि अडीअडचणीच्या पैशाला हात लावू नको. उद्या नोकरीत काही झालं आणि नेमका तेव्हाच भाव पडलेला असेल तर तुला तोट्यात विकावं लागेल, मग कंपनी कितीही चांगली असो. गेले तरी झोप लागेल एवढेच टाक, कर्ज काढून तर एक रुपयाही नको.

विकणाऱ्यांच्या यादीचं पान सापडलं की फोटो काढून मला पाठव, मीपण वाचते, रात्री फोनवर बोलू. अर्जाची शेवटची तारीखही सांग.

तुझी,
आई